सुंदरावहिनीचं गोडाऊन कॉलेज

गेलो होतो आम्ही दोघी माझं ॲडमिशन घ्यायला, आणि घेऊन आलो वहिनीचं. हे सांगितलं की लोक हसतात आणि म्हणतात, नूतन, तुझं आपलं काहीतरीच. काहीतरीच काय? झालं ते सांगतेय.

शहाण्णव साल. मी बारावी पास झाले होते, आणि कशी झाले ते विचारू नका. मला ब्यूटी पार्लरचा कोर्स करायचा होता. सुरतेतल्या आमच्या उधन्याच्या गल्लीतल्या अर्ध्या बायकांच्या भुवया माझ्या दोऱ्याखालून गेलेल्या होत्या आणि कोणाची तक्रार नव्हती. पण माझ्या भावाने, सुकलालदादाने, ठरवून टाकलं होतं की आपल्या घरात एक तरी ग्रॅज्युएट पाहिजे. तो कापडाच्या लूमवर रात्रपाळी करायचा. सकाळी यायचा, अंघोळ करायचा आणि झोप लागेपर्यंत मला ग्रॅज्युएट करत बसायचा. शेवटी त्याने फर्मान काढलं की या आठवड्यात कॉलेज बघून या. मला एकटीला सोडायचं नाही म्हणून सोबत आपली बायको दिली.

ती ही सुंदरावहिनी. शिरपूरकडच्या खेड्यातली, उंच, हाडापेराने मजबूत. लग्न होऊन सुरतेला आली त्याला नऊ वर्षं झाली होती, पण सुरत म्हणून तिने काय पाहिलं होतं, तर नळ, पिठाची गिरणी, भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, आणि शेजारच्या सरलाबाईंचा ओटा. मैत्रीण एक नाही. बोलायला कोणी नाही म्हणून ही बाई रेडिओवरच्या बातम्यांशी भांडायची. बातम्या देणारा काहीतरी सांगून पुढे जायचा आणि ही स्टोव्हला पंप मारता मारता त्याला विचारायची, का पण? असं का? तो काय उत्तर देणार, कपाळ?

आई म्हणायची, सून गुणाची आहे, फक्त रेडिओला उलट बोलते. आईने, म्हणजे प्रमिलाबाईंनी, वहिनीला कधी घालूनपाडून बोललं असेल असं नाही. पण आईच्या जगात माणसांच्या दोनच जाती होत्या, घरचे आणि परके. घरच्यांसाठी जीव टाकेल. परक्याला पाणी देईल, तेही उंबऱ्याच्या आतून.

तर निघालो. पहिलं कॉलेज शहरातलं, एकदम अवाढव्य. एका खिडकीपुढे अख्खी सुरत रांगेत उभी. आम्ही शिपायाला विचारलं की आर्ट्स कुठे, तर तो म्हणाला, मला इथं लागून दोनच महिने झालेत, मला कॅन्टीन तेवढं माहीत आहे. दुसऱ्या कॉलेजात वॉचमनने वहिनीला दारातच अडवलं आणि मला म्हणाला, तू जा, तुझी मम्मी बाहेर थांबेल. मी अठराची, वहिनी सत्तावीसची. वहिनी त्याच्याकडे अशी बघत राहिली की तो बिचारा स्टूल उचलून आत गेला. मग आम्हीही आत गेलो नाही. मी मनातल्या मनात पार्लरचा बोर्ड रंगवायला घेतला.

परत येताना गडबडीत चुकीच्या शटल रिक्षात बसलो. उधना गेलं तरी रिक्षा थांबेना. मी रिक्षावाल्याशी भांडतेय, रिक्षावाला म्हणतोय भेस्तान भेस्तान ओरडत होतो तेव्हा तुझे कान कुठे होते, आणि असं भांडत भांडत भेस्तान स्टेशनपाशी उतरलो. उतरलो तर समोरून हा गलका. मला वाटलं मारामारी चाललीय. वहिनीला वाटलं लग्न आहे.

एक पत्र्याचं गोडाऊन होतं, पूर्वी साड्यांचे ताके ठेवत असतील असं. त्याच्यापुढच्या मोकळ्या जागेत पोरं-पोरी एका जाड्या मुलाला खांद्यावर घेऊन नाचत होती. एकजण तेलाचा रिकामा डबा बडवत होता. सगळ्यांच्या अंगावर धूळ, आवाज बसलेले, आणि तरी ओरडणं चालूच. वहिनीने एका पोरीला थांबवून विचारलं की काय जिंकलात. पोरगी किडकिडीत, दोन वेण्या, धापा टाकत होती. ती म्हणाली, "हारी गया! त्रीजी वार!"

हरले होते. तिसऱ्यांदा. शेजारच्या मिलच्या टीमशी व्हॉलीबॉल होता. वहिनीने विचारलं, मग नाचताय कशाला? पोरगी म्हणाली, एवढं खेळलो, मग आता काय रडत घरी जायचं?

वहिनीची हसण्याची एक रीत होती. आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे, आणि पदर तोंडात. तशी ती हसायला लागली. मग पदर तोंडातून सुटला. मग ती चक्क खाली बसली आणि खोखो हसत सुटली, डोळ्यांतून पाणी. नऊ वर्षांत मी तिचा हसण्याचा आवाज ऐकला नव्हता. मला आधी तर भीती वाटली की हिला काही झालं की काय.

त्या पोरीचं नाव हर्षिदा. हजीऱ्याकडच्या एका गावातून दोन बसगाड्या बदलून यायची. तिने आम्हाला काही विचारलं नाही, हाताला धरून सरळ आत नेलं. आत गोडाऊनला प्लायवूड लावून चार वर्ग केलेले. एका वर्गात बोललेलं दुसऱ्या वर्गात ऐकू यायचं, म्हणजे एका ॲडमिशनमध्ये चार विषय. एका टेबलामागे प्रिन्सिपॉल बसले होते आणि ते गुडघ्याला हळद लावत होते, कारण हरलेल्या टीममध्ये तेही होते. मधुकर सर. बडोद्याकडचे मराठी. आम्ही मराठी आहोत कळल्यावर त्यांनी हळदीचाच हात पुढे करून बसायला सांगितलं.

सर मला प्रश्न विचारायला लागले. आवडता विषय कोणता, काय व्हायचंय. मी भिंतीकडे बघत बसले. मला व्हायचं होतं ते त्यांच्याकडे शिकवत नव्हते. माझं उत्तर येईना तशी वहिनी मधे मधे बोलायला लागली. सरांनी विचारलं की खानदेशातले इतके लोक सुरतेलाच का येतात, नाशिकला का जात नाहीत. अरे बापरे. वहिनीने पदर खोचला. रेल्वेपासून सुरुवात केली ती विहिरी आटण्यापर्यंत गेली, आणि मधेच उलट सरांनाच विचारलं, का पण? सरकारने तिकडेच कारखाने का नाही काढले? सर म्हणाले, यावर आपण भांडू. बातम्या देणाऱ्याने कधी असं म्हटलं नव्हतं.

मग सरांनी विचारलं, तुमची बारावी? वहिनी म्हणाली, झालीय की, लग्नाआधी. सर चहाचं विचारावं तसे म्हणाले, "मग तुम्ही कधीपासून येताय?"

एवढंच. वहिनी माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. हर्षिदा दारात उभी होती, तिने बाहेर तोंड काढून ओरडून सांगितलं की नवीन दोन आल्या. बाहेर पुन्हा डबा वाजायला लागला.

घरी आल्यावर दादाला सांगितलं. तो नुकताच उठला होता. डोळे चोळत म्हणाला, म्हणजे दोन ग्रॅज्युएट? त्याच्या तोंडावरचा आनंद बघून मला माझ्या पार्लरचं नाव काढवेना. पण आई. आई म्हणाली, नूतन जाईल, ती पोरगी आहे. सून कशाला परक्यांत जाऊन बसेल? कोण कुठली पोरं, कोणाची काय चाल, आपल्याला काय माहीत? दादा आईपुढे बोलायचा नाही. वहिनीही बोलली नाही. नुसती गप्प झाली. इतकी गप्प की रेडिओवाला एकटाच बोलायचा आणि घर कसंतरी वाटायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईलाच राहवलं नाही. ती म्हणाली, जा बाई, कानबाईपर्यंत जा. कानबाई उठली की बंद.

कानबाई आमची खानदेशची देवी. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी बसते आणि सोमवारी उठते, म्हणजे नदीत तिचं विसर्जन होतं. म्हणजे वहिनीला जेमतेम दोन महिने मिळाले. वहिनी तेवढ्यावरही अशी खूश झाली की विचारू नका. म्हणाली, दोन महिने तर दोन महिने.

काय सांगू त्या दोन महिन्यांचं. कॉलेज सकाळचं. उधन्याहून भेस्तानपर्यंत आम्ही रोज उशीर झाल्यासारख्या जायचो, उशीर झालेला नसतानाही. गुजराती अक्षरं वहिनीने आठवड्यात आत्मसात केली. म्हणाली, आपलीच तर आहेत, नुसती डोक्यावरची रेघ काढून घेतलीय. सगळे तिला सुंदराबेन म्हणायचे. पोरं सगळीकडची. गुजराती, युपीची, आमच्यासारखी खानदेशी, आणि सनातन बेहेरा म्हणून एक ओडिया मुलगा. तो लूमवाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचा, इतका लाजाळू की हजेरीत हाजर म्हणायचा तेही वहीला सांगितल्यासारखं.

हजेरीवरून आठवलं. त्या कॉलेजची एक पद्धत होती. कोणी आलं नाही तर सर नुसती फुली मारून पुढे जायचे नाहीत. वही खाली ठेवायचे आणि अख्खा वर्ग ओरडायचा, "क्यां छे?" कुठे आहे? शेजारी बसणाऱ्याने सांगायचं. त्यालाही माहीत नसलं तर कॉलेज सुटल्यावर दोघांनी सायकल घेऊन त्याच्या घरी जायचं. याला म्हणायचे तपास. ताप आलाय, मामा आलाय, नुसता कंटाळा आलाय, काहीही चालेल, पण तपास येणारच. मी एकदा भुवया करायला म्हणून घरी राहिले तर दोन पोरं गल्लीच्या तोंडाशी उभी राहून माझ्या नावाने बोंबलत होती. माझ्या हातातल्या बाईची एक भुवई राहिली ती राहिलीच.

मग रस्सीखेच. एका मोठ्या कॉलेजात स्पर्धा होत्या. आमच्या मुलींच्या टीममध्ये शेवटी, दोर कमरेला गुंडाळून, वहिनी. समोरच्या मुली ट्रॅकसूटमध्ये. आमची वहिनी साडीचा काचा मारून. शिट्टी झाली आणि दोर हलेना. वहिनीने टाचा रोवल्या होत्या. समोरच्या मुली लाल झाल्या. आमची पोरं कडेला नुसती वेडी झाली होती, आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "सुंदराबेन, का पण? असं का?" तिचंच वाक्य, तिच्याच आवाजात. झालं. वहिनीचे खांदे हलायला लागले. हसू आलं की अंगातला जोर जातो. वहिनी बसली, तिच्या पुढची मी बसले, आणि आम्ही सगळ्या बसल्या बसल्या चिखलातून रेषेपलीकडे गेलो. हसून हसून पोटात दुखत होतं. येताना रेल्वेगाडीत तेलाचा डबा वाजवत आलो. डब्यातल्या लोकांना वाटलं आम्ही कप आणलाय. एका म्हाताऱ्याने तर पेढे मागितले.

मला हे सगळं आवडत होतं असं काही मी म्हणणार नाही. पण सुट्टीच्या दिवशी मला घरात करमेनासं झालं होतं, ते खरं.

नागपंचमी झाली. वहिनी हळूहळू मुकी व्हायला लागली. तिने कॉलेजात कोणाला सांगितलंच नव्हतं की आपलं इतकंच आहे. मलाही शपथ घातली होती. म्हणाली, हर्षिदा रडेल, मला ते बघवणार नाही. शनिवारी आम्ही दोघी कॉलेजला गेलो नाही, कारण देवी बसायच्या आदल्या दिवशी रोट.

रोट म्हणजे काय ते सांगते. घरातल्या आणि भाऊबंदांतल्या माणशी सव्वा मूठ गहू घ्यायचे, वेगळे दळायचे, त्याचे जाड पोळ्यांसारखे रोट करायचे. सोबत खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. कानबाईच्या नावाने नैवेद्य दाखवला की ते फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे. परक्याच्या तोंडात कण जायला नको. आमच्या घराण्यात तर सासरी गेलेल्या लेकीलाही देत नाहीत. आई या बाबतीत अशी कडक की मांजर आलं तरी दार लावून घ्यायची.

भाऊबंद गावाकडून येतात, अमळनेरकडून पॅसेंजरने, दुपारी. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिने मला आणि वहिनीला उधना स्टेशनवर घ्यायला पाठवलं. गाडी लेट. आम्ही बाकावर बसलो. वहिनी रुळांकडे बघत होती. मधेच ती म्हणाली, "नूतन, मंगळवारी सकाळी मी काय करू गं?"

मला तर आईचा असा राग आला की स्टेशनवरूनच परत जाऊन भांडावं. पण पॅसेंजर आली.

इकडे घरी काय झालं ते मला सरलाबाईंनी मागाहून सांगितलं. आई आणि सरलाबाई दोघीच घरात. दादा आतल्या खोलीत झोपलेला. आदल्या वर्षी आईने एका पुतण्याला विचारलं होतं, तू कोणाचा रे? त्या पोराला इतका राग आला की त्याने अमळनेरपर्यंत बोभाटा केला, काकू घरच्यांना ओळखत नाही. आईची मान खाली गेली होती. यंदा तिने ठरवलं होतं की कोणीही येवो, तू कोणाचा म्हणून विचारायचं नाही.

आणि दाराशी वीस-पंचवीस जणांचा घोळका उभा. एकाच घरातल्या दोघी एकदम गैरहजर, आणि त्यातली एक सुंदराबेन, म्हणून तपासाला दोघं नाही, वर्गच्या वर्ग आला होता. हर्षिदा पुढे होऊन आईच्या पाया पडली. तिचं बघून ओळीने सगळे पडले. त्यांनी विचारलं सुंदराबेन कुठे, आई म्हणाली स्टेशनवर गेलीय, येईल, बसा. गुजराती बोलतात हे तिच्या लक्षात आलं. पण आमच्या भाऊबंदांची एक शाखा नवापूरला आहे आणि तिकडची पोरं गुजरातीच बोलतात. आईला बरं वाटलं, की यंदा नवापूरवाले आले, तेही एवढे, आणि पोरं किती वळणाची. नैवेद्य झालेला होता. आईने दोन पंगती मांडल्या. सरलाबाईंना शंका आली होती. पण आईचा चेहरा इतका फुललेला होता की त्या गप्प बसल्या, आणि सरलाबाई गप्प बसल्या ही गोष्ट त्यानंतर गल्लीत झालेली नाही.

आम्ही लोटूआबांना आणि बाकीच्यांना घेऊन आलो. लोटूआबा म्हणजे भाऊबंदांतले सगळ्यात मोठे, पागोटंवाले, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. लांबूनच आवाज ऐकू आला. वहिनीने माझा दंड धरला. दाराशी चपलांचा ढीग. आत दोन पंगती, मधे आई हातात रोटांची परात घेऊन उभी, आणि अख्खी पंगत आरोळी देत होती, "कोण पिरसे छे? बा पिरसे छे!" कोण वाढतंय, आजी वाढतेय. आणि आमची आई, जी परक्याला उंबऱ्याच्या आतून पाणी देते ती आमची आई, तोंडाला पदर लावून हसत होती.

आबांनी पंगतीवरून नजर फिरवली. विचारलं, ही कोण मंडळी? आई म्हणाली, नवापूरची ना? आबा बाजूला झाले. त्यांच्या पाठीमागे पिशव्या घेऊन नवापूरचे लोक उभे होते.

आईच्या हातातली परात खाली आली. ज्या पोरांना भाषा कळली नाही त्यांना चेहरे कळले. हर्षिदाने घास खाली ठेवला. सनातन तर अंग चोरून बसलाच होता, त्याने रोटाचा तुकडा पानात ठेवला आणि हात मागे घेतला, चोरी पकडल्यासारखा. आबा हळू आवाजात म्हणाले की सात पिढ्यांत असं झालं नाही, आपला रोट परक्यांत गेला. वहिनी पांढरी पडली होती. आत्ता, या क्षणाला, तिचं कॉलेज तर गेलंच, वर घरातली इज्जतही गेली, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. ती पुढे होऊन म्हणायला लागली, आत्याबाई, चूक माझी, मी यांना सांगून यायला हवं होतं.

आईने तिला हातानेच थांबवलं. ती पंगतीकडे बघत होती. एकेका पोराकडे. सगळ्यांचे हात थांबलेले. तिची नजर सनातनवर थांबली, आणि ती आपल्या अहिराणीत म्हणाली, "तू खाय रे बाळ."

सनातनला शब्द कळला नसेल, पण त्याने तुकडा उचलला. मग आई आबांकडे वळली. "आबा, रोट मी वाढा. आन् मी घरनासलेज वाढस."

रोट मी वाढला, आणि मी घरच्यांनाच वाढते. आबांनी विचारलं, मग ही कोण? आईने परात परत उचलली. मला दिसलं, तिला तरी कुठे माहीत होतं काय म्हणायचं ते. मग म्हणाली, "मन्ही सूननं कॉलेज शे." माझ्या सुनेचं कॉलेज आहे.

लोटूआबा तिच्याकडे बघत राहिले. दादा गलक्याने उठून बनियनवर बाहेर आला होता, तो दारातच खिळला. आबांनी खूप विचार केला, किंवा त्यांना खूप भूक लागली असेल. शेवटी म्हणाले, ठीक आहे, पण रोट खाल्ला म्हणजे सोमवारी देवी उठवायला यावं लागतं, आणि दर साल यावं लागतं, यांना सांग. मी पोरांना गुजरातीत सांगितलं. जी आरोळी झाली, "आवशुं!", येऊ म्हणजे येऊच, तिने सरलाबाईंकडचा पोपट दोन दिवस बोलला नाही. आबांनी कानांवर हात ठेवले, पागोटं काढलं आणि जाड्या मुलाशेजारी पंगतीत बसले. पीठ पुन्हा मळावं लागलं ते वेगळंच.

सोमवारी अख्खं कॉलेज आलं. मधुकर सर आले, गुडघ्याला पट्टी बांधून. वहिनीच्या डोक्यावर कानबाईचा पाट, पुढे ढोल, मागे तेलाचा डबा. तापीपर्यंत कोणी धड चाललं नाही, सगळे नाचत. हर्षिदा आणि मी फुगड्या घालून घालून अशा गरगरलो की नदी कुठल्या बाजूला आहे ते कळेना. नवापूरचा एक काका सरांना विचारत होता की तुमच्याकडे पन्नाशीच्या माणसाला घेतात का. वहिनी सगळ्यांत जास्त नाचली. पाण्यात उभी राहून देवीला निरोप देताना मात्र ती रडली, आणि ती देवीसाठी रडत नव्हती.

कारण आई अजून काही बोलली नव्हती. पोरं घरची झाली, ते ठीक. पण कानबाई उठली की बंद, हे तिने म्हटलेलं होतं, आणि ते तिने मागे घेतलं नव्हतं. वहिनी विचारणार नाही, दादा बोलणार नाही.

मंगळवारी सकाळी मी वेणी घालत होते, म्हणजे केस ओढत होते, रागाने. मी ठरवलं होतं की वहिनी नाही तर मीही नाही, गेलं खड्ड्यात ग्रॅज्युएट. वहिनी रोजची कॉलेजला नेसायची ती साडी घडी करून ट्रंकेत ठेवून आली आणि परात घेऊन कणीक मळायला बसली. मान वर नाही. आई ओट्यावर दात घासत होती. तिने चूळ भरली, आत आली, वहिनीकडे बघितलं, आणि खरंच आश्चर्याने विचारलं,

"आपला इतला मानसं तठे बठेल शेतस, आन् तू आठे काय करी राहिनी?"

आपली एवढी माणसं तिथे बसलीत, आणि तू इथे काय करतेस.

वहिनीचे हात कणकेत तसेच थांबले. आई आणखी म्हणाली की तो सावळा पोरगा, म्हणजे सनातन, त्या दिवशी पोटभर जेवला नाही, त्याला दुपारी सोबत घेऊन ये, खोलीवर कोण वाढतं त्याला. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, तुला वेगळं आमंत्रण देऊ का? वहिनी कणकेच्या हातानेच उठली. आई खाली बसली, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. परात तिने आपल्याकडे ओढली आणि कणीक मळायला घेतली.